कुपीतला साक्षीदार

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला फ्रिज उघडला, की एका कप्प्यात छोट्या छोट्या कुप्या ओळीनं मांडलेल्या दिसतात. करंगळीच्या पेराएवढी कुपी, आत पाण्यासारखा दिसणारा थेंबभर द्रव. किंमत विचाराल तर सोनंही स्वस्त वाटावं. आणि वर चिठ्ठी असते : केवळ संशोधनासाठी, निदानासाठी वा उपचारासाठी नव्हे. म्हणजे हे औषध नाही, लस नाही, रोग्याला याचा थेट काही उपयोग नाही. मग एवढा खर्च करून ती कुपी आणतात कशाला?

साक्ष द्यायला. पोलीस जशी ओळखपरेड घेतात, तशी शास्त्रज्ञांना पेशींची ओळखपरेड घ्यावी लागते. हजारो प्रथिनांच्या गर्दीतून 'हाच तो' असं बोट दाखवणारा कुणीतरी लागतो. हे काम कुपीतली प्रतिपिंडं करतात. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी. २०२० च्या करोना साथीनंतर हा शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. शरीरात परकी वस्तू शिरली, की आपल्या रक्तातल्या बी पेशी नेमकं त्या वस्तूलाच चिकटणारं प्रथिन तयार करतात. ते हे प्रतिपिंड.

आज मी अशाच एका साक्षीदाराची हकिगत सांगणार आहे. त्याचं नाव एचबी-५. त्यानं १९८४ साली दिलेल्या साक्षीमुळे एका विषाणूचा माणसाच्या पेशीत शिरण्याचा दरवाजा सापडला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, साक्षीदाराची उलटतपासणी कशी करावी याचा तो एक वस्तुपाठ ठरला. गोष्ट मात्र थोडी मागून, पटकीच्या जंतूंपासून सुरू करावी लागेल.

१८९४ साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञानं पाहिलं, की आधी पटकीची लस टोचलेल्या गिनीपिगच्या पोटात पटकीचे जिवंत जंतू सोडले तर ते बघता बघता फुटून विरघळतात. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्दे या तरुण बेल्जियन डॉक्टरनं हाच चमत्कार काचेच्या नळीत करून दाखवला. त्यानं लस टोचलेल्या प्राण्याचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, सुमारे ५५ अंशांवर तापवलं. त्याची जंतू फोडण्याची ताकद गेली. मग त्यात त्यानं लस न टोचलेल्या साध्या प्राण्याचं ताजं सीरम घातलं, आणि गेलेली ताकद परत आली!

याचा अर्थ, या कामाला दोन भिडू लागतात. एक उष्णता सोसणारा, फक्त लस टोचल्यावर तयार होणारा. तो म्हणजे प्रतिपिंड. दुसरा उष्णतेनं मरणारा, पण सगळ्यांच्याच रक्तात आधीपासून असणारा. पाउल एर्लिखनं या दुसऱ्याला 'कॉम्प्लिमेंट' म्हटलं. आपण पूरक म्हणू. बोर्देला पुढे १९१९ सालचं नोबेल मिळालं. आपल्या परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते वाल्देमार हाफकिन बोर्देच्या थोडं आधी याच पाश्चर संस्थेत होते. १८९२ साली त्यांनी पटकीची लस स्वतःला टोचून घेतली, नंतर ते भारतात आले आणि १८९७ साली मुंबईत प्लेगची लसही प्रथम स्वतःवरच आजमावली.

पूरक ही एकच वस्तू नसून तीसहून अधिक प्रथिनांची फौज आहे, हे कळायला पुढची कित्येक दशकं गेली. या फौजेतला मुख्य शिपाई म्हणजे सी-३. जंतू दिसला की हा सी-३ तुटतो आणि त्याचा एक तुकडा जंतूच्या अंगावर घट्ट चिकटतो. तो आणखी तुटत गेला, तरी सी-३-डी नावाचा शेवटचा तुकडा जंतूवर राहतोच. पोस्टातल्या पाकिटावर शिक्का बसावा, तसा हा शिक्का : 'परका आहे, लक्ष द्या.'

पण शिक्का मारला तरी तो वाचणारं कुणी हवं की नको? १९५३ साली रॉबर्ट नेल्सन यांनी दाखवलं, की प्रतिपिंड आणि पूरक चढलेले जंतू माणसाच्या तांबड्या पेशींना चिकटतात. म्हणजे पेशीच्या अंगावर शिक्का ओळखून पकडणारं काहीतरी आहे. पेशीच्या पृष्ठभागावरच्या अशा पकडणाऱ्या प्रथिनाला ग्राही म्हणतात, इंग्रजीत रिसेप्टर. पुढे पूरकाचे असे अनेक ग्राही असल्याचं दिसलं, आणि त्यांना सीआर-१, सीआर-२ अशी नावं पडली. यातला सी-३-डीचा शिक्का वाचणारा सीआर-२ विशेषकरून बी पेशींवर दिसे. तो दिसे म्हणजे कसा? पूरकाचे तुकडे चढवलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशी बी पेशींमध्ये मिसळल्या, की त्या बी पेशीभोवती झेंडूच्या पाकळ्यांसारख्या गोळा होत. सूक्ष्मदर्शकाखाली फूल दिसलं की समजायचं, इथे ग्राही आहे. पण तो ग्राही म्हणजे नेमकं कुठलं प्रथिन, हे फुलावरून कळत नव्हतं. चोरी झाली हे दिसतं, चोराचा चेहरा दिसत नाही, तशातली गत.

आता याच वेळी दुसऱ्या खंडात चाललेल्या एका शोधाकडे वळू. युगांडाची राजधानी कंपाला इथल्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यविशारद होते. लहान मुलांच्या जबड्यावर उगवणारी विलक्षण वेगानं वाढणारी गाठ त्यांना वारंवार दिसू लागली. १९५८ साली त्यांनी तिच्याविषयी लिहिलं. १९६१ च्या मार्च महिन्यात लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांचं व्याख्यान झालं, तेव्हा श्रोत्यांत मायकेल (अँथनी) एपस्टाईन हे तरुण संशोधक बसले होते. हा कर्करोग एखाद्या विषाणूमुळे होत असावा, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग कंपालाहून विमानानं गाठींचे तुकडे लंडनला येऊ लागले. दोन-अडीच वर्षं हाती काही लागलं नाही. एकदा धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावं लागलं आणि नमुना उशिरा पोहोचला. त्यातलं पाणी गढूळ झालं होतं. जंतू पडले म्हणून कुणी ते टाकूनही दिलं असतं. पण ती गढूळता होती गाठीतून सुटून तरंगणाऱ्या जिवंत पेशींची. त्या पेशी वाढवल्या, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि १९६४ साली एपस्टाईन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी नवा विषाणू जाहीर केला. तोच एपस्टाईन-बार विषाणू.

हा विषाणू काही आफ्रिकेपुरता नाही. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो मुक्काम ठोकून असतो. लहानपणी लाळेतून येतो, बहुतेकांना कळतही नाही. कुणाला तरुणपणी लागला तर ताप येतो, गळ्याशी गाठी येतात. आणि फार थोड्यांच्या बाबतीत तो कर्करोगापर्यंत जातो. पण त्याची एक खोड लवकरच ध्यानात आली : त्याचा जीव बी पेशींवर. १९७० च्या दशकात स्टॉकहोमला मिकाएल योन्दाल आणि जॉर्ज क्लाईन यांच्या गटाला दिसलं, की ज्या पेशींवर पूरकाचे ग्राही आहेत, त्याच पेशींना हा विषाणू धरतो.

संशय बळावला, पण पुरावा नव्हता. एकाच वाड्यात राहणारे दोन शेजारी आहेत, की एकच माणूस दोन नावांनी वावरतो आहे? सी-३-डीचा ग्राही आणि विषाणूचा ग्राही हे एकच प्रथिन आहे का? याचं उत्तर द्यायला नेमकं एकाच प्रथिनावर बोट ठेवणारा साक्षीदार हवा होता.

तोवर तसा साक्षीदार मिळणं अवघड होतं. सशाला टोचून मिळवलेल्या सीरममध्ये प्रतिपिंडांची सरमिसळ असते. दहा साक्षीदार एकदम बोलू लागल्यासारखं. शिवाय तो ससा मेला की साक्षही संपली. ही अडचण केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत सुटली. अर्जेंटिनात जन्मलेले सेझार मिलस्टाईन आणि जर्मनीचे जॉर्जेस कोहलर यांनी १९७५ साली उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड करणारी पेशी आणि मरण माहीत नसलेली कर्करोगाची पेशी यांचा संकर घडवला. जन्माला आलेली संकरपेशी आईसारखी प्रतिपिंडं करी आणि बापासारखी अमर राही. एका पेशीची सगळी प्रजा, म्हणून सगळी प्रतिपिंडं तंतोतंत सारखी. यांना मोनोक्लोनल, म्हणजे एककुळी प्रतिपिंडं म्हणतात.

गंमत अशी, की या शोधाचं पेटंटच घेतलं गेलं नाही. ब्रिटनच्या ज्या सरकारी यंत्रणेनं ते घ्यायचं, तिला कळवूनही तिनं हालचाल केली नाही. मिलस्टाईन मात्र आपल्या पेशी मागेल त्या प्रयोगशाळेला पाठवत राहिले. त्या पेशींच्या आधारे अमेरिकेत इतरांनी पेटंटं घेतली तेव्हा ब्रिटनमध्ये बरीच ओरड झाली. पैशांचा हिशेब काहीही असो, माझ्या मते त्या वाटून टाकलेल्या पेशींनीच पुढच्या दहा वर्षांत जगभर शेकडो साक्षीदार उभे केले.

त्यांतलाच एक आपला एचबी-५. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात थॉमस टेडर, मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी तो घडवला. त्याआधी, १९८३ साली, बी-२ नावाच्या दुसऱ्या एका एककुळी प्रतिपिंडानं सी-३-डीच्या ग्राहीकडे बोट दाखवलं होतं. १९८४ साली हार्वर्डमधल्या डग्लस फिअरॉन यांच्या गटानं एचबी-५ च्या मदतीनं सीआर-२ हे सुमारे १,४५,००० डाल्टन वजनाचं प्रथिन असल्याचं दाखवलं. चोराचा चेहरा दिसला! त्याच वर्षी त्याच गटातून जॉयस फिंगरॉथ आणि सहकाऱ्यांनी विषाणूचा खटला चालवायला घेतला. त्यांनी तो कसा चालवला, ते पाहण्यासारखं आहे.

पहिला प्रश्न : एचबी-५ आणि विषाणू एकाच पत्त्यावर जातात का? वेगवेगळ्या आठ पेशीवंशांवर पाहिलं. जिथे एचबी-५ जास्त चिकटे तिथे विषाणूही जास्त चिकटे. टी पेशींच्या वंशांवर दोघेही नाहीत. पण यावरून फार तर शेजार सिद्ध होतो.

दुसरा प्रश्न : सीआर-२ झाकला तर विषाणूची वाट अडते का? सशात तयार केलेल्या सीआर-२ विरोधी प्रतिपिंडांनी ती पूर्ण अडली. सीआर-१ वर किंवा पेशीवरच्या इतर प्रथिनांवर प्रतिपिंडं बसवली, तर काहीच फरक पडला नाही. ही तुलना फार मोलाची. नाहीतर 'पेशीवर काहीही लादलं तरी विषाणू अडतो' असं कुणीही म्हणालं असतं.

तिसरा प्रश्न एचबी-५ लाच अडचणीत आणणारा होता. तो एकटा बसवला तर विषाणू फारसा अडत नव्हता! संशोधकांनी ही गैरसोयीची गोष्ट लपवली नाही, छापली. एचबी-५ च्या पाठीवर आणखी एक, उंदराच्या प्रतिपिंडांना चिकटणारं प्रतिपिंड चढवलं, तेव्हा मात्र वाट बंद झाली. याचा सरळ अर्थ, एचबी-५ ग्राहीला धरत होता, पण विषाणू जिथे हात घालतो नेमक्या त्या जागी बसत नव्हता.

आणि शेवटचा पुरावा तर नाट्यमय. स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचे कण घेतले. या जिवाणूच्या अंगावर प्रतिपिंडांची शेपटी धरणारं प्रथिन असतं. त्यावर एचबी-५ बसवला, आणि बी पेशींतून काढलेला सीआर-२ त्याच्या हातात दिला. त्या कणांचा या विषाणूशी जन्मात संबंध नव्हता. पण सीआर-२ मिळताच ते विषाणू पकडू लागले. शेजाऱ्याचा प्रश्नच मिटला. वाडा बदलला, गाव बदलला, तरी माणूस तोच निघाला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या नेमरो, कूपर आदींच्या गटानं ओकेबी-७ हे दुसरंच प्रतिपिंड वापरून हीच गोष्ट दाखवली. ते तर एकट्यानंच विषाणू अडवी. दोन स्वतंत्र साक्षीदारांचं एकमत झालं. त्याच १९८४ साली कोहलर आणि मिलस्टाईन यांना, नील्स येर्न यांच्यासह, नोबेल पारितोषिक जाहीर झालं.

'या सगळ्याचा उपयोग काय?' असा प्रश्न मला वर्गात नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. दरवाजा सापडला म्हणजे तो उघडणारा हात शोधता येतो. विषाणूचा तो हात म्हणजे त्याच्या वेष्टनावरचं जीपी-३५० हे प्रथिन. परका ओळखण्यासाठी शरीरानं ठेवलेला ग्राहीच या विषाणूनं शिडी म्हणून वापरला! याच हाताविरुद्ध केलेल्या लशीची चाचणी १८१ तरुणांवर झाली. २००७ साली तिचे निष्कर्ष आले. ताप आणि गाठींचा आजार ७८ टक्क्यांनी घटला, पण संसर्ग थांबला नाही. दुसरीकडे, सी-३-डीचे तीन तुकडे जोडलेलं प्रथिन उंदराला टोचलं तर तेवढाच प्रतिसाद दहा हजारपट कमी मात्रेत मिळतो, हे १९९६ साली फिअरॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. शिक्क्याला किती वजन आहे, ते यावरून कळतं. आणि २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी आणि साठवलेली सीरमं तपासून असं दिसलं, की या विषाणूचा संसर्ग झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. तरीही या विषाणूविरुद्ध बाजारात मान्यताप्राप्त लस अजून नाही. म्हणजे खटला संपलेला नाही. त्यात आणखी साक्षी लागणार आहेत.

आणि इथेच काळजीचं कारण आहे. साक्षीदार जसजसे वाढले, तसा गोंधळही वाढला. प्रत्येक गट आपल्या प्रतिपिंडाला आपलंच नाव देई. बी-२, एचबी-५, ओकेबी-७ ही तिन्ही बोटं एकाच प्रथिनाकडे, पण नावावरून कुणाला कळावं? १९८२ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली आणि पेशींवरच्या खुणांना सीडी क्रमांक द्यायची पद्धत पडली. सीआर-२ झाला सीडी-२१. आज गाठीच्या तपासणीत लसिकाग्रंथींची रचना पाहायला विकृतिशास्त्रज्ञ सीडी-२१ चं प्रतिपिंड वापरतात.

नावांचा घोळ मिटला, विश्वासाचा मिटला नाही. प्रतिपिंडांचा व्यापार वाढला, सूचिपत्रं जाडजूड झाली, आणि कुपीवर लिहिलेलं नाव म्हणजेच पुरावा, असं मानायची सवय लागली. काही कुप्यांतला साक्षीदार भलत्यालाच 'हाच तो' म्हणे. काहींत एका खेपेचा माल चांगला, पुढच्या खेपेचा वेगळा. २०१५ साली 'नेचर' साप्ताहिकात शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी सह्या करून मागणी केली, की प्रतिपिंडाचा जनुकीय आराखडाच नोंदवा आणि त्यावरून तो बनवा, म्हणजे सगळीकडे तोच साक्षीदार मिळेल. २०२३ साली ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ प्रतिपिंडांची कसून तपासणी प्रसिद्ध झाली. पद्धत साधी : ज्या पेशीतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलं आहे, तिथेही प्रतिपिंड 'दिसला, दिसला' म्हणतं का? म्हणालं तर साक्ष खोटी. निष्कर्ष असा, की दर प्रथिनामागे सरासरी सुमारे बारा शोधनिबंधांत नापास प्रतिपिंड वापरलेलं होतं. त्या निबंधांवर पुढे किती जणांनी आपले बंगले बांधले असतील, याचा विचार करा.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. देशभरच्या संशोधकांना तिथून तपासलेल्या पेशी मिळतात. मिलस्टाईननी जे व्यक्तिशः केलं, ते इथे संस्थेनं चालवलं आहे. याच केंद्रात अरविंद साहू यांच्या गटानं पूरकावर काम केलं. एपस्टाईन-बारच्या भावकीतला, कापोसी सार्कोमा घडवणारा विषाणू पूरकाचा मारा कसा चुकवतो, हे त्यांनी उलगडलं. आपल्याकडे परदेशी कुपी मागवायची तर अनुदानाचा मोठा वाटा जातो, आणि ती महिनोन्‌महिने पुरवावी लागते. अशा वेळी तपासणीसाठी वेगळा थेंब खर्च करणं जिवावर येतं. पण मला वाटतं, ज्याच्याकडे पैसा कमी त्यानं तर आधी तपासावं. चुकीच्या कुपीवर गेलेली तीन वर्षं श्रीमंत प्रयोगशाळेला परवडतात, आपल्या पीएच.डी. करणाऱ्या मुलांना परवडत नाहीत.

१९८४ च्या त्या निबंधात आज आश्चर्य वाटावं असं उपकरण काही नाही. आहे ती शंका घेण्याची शिस्त. आपलाच लाडका साक्षीदार पुढे बसवून त्याला चार बाजूंनी प्रश्न विचारायचे, अडचणीचं उत्तर आलं तर तेही नोंदवायचं, आणि दुसऱ्या गावच्या साक्षीदाराशी पडताळायचं. कंपालातल्या मुलांच्या गाठीपासून निघालेली वाट या शिस्तीमुळे सीआर-२ च्या दारापर्यंत पोहोचली. त्या दाराला कायमचं कुलूप घालणारी लस उद्या जे कुणी करतील, त्यांच्या टेबलावरही अशीच एखादी पेराएवढी कुपी असेल. तिच्यावरच्या चिठ्ठीत काय लिहिलं आहे ते त्यांनी जरूर वाचावं. विश्वास मात्र उलटतपासणी झाल्यावरच ठेवावा.